आधी जमीन, मग सांगाडा, शेवटी कापड

घराच्या मागच्या मोकळ्या जागेत, शेतघराशेजारी किंवा गच्चीवर लावता येईल असं छोटं कापडी हरितगृह आता खोक्यातून घरपोच मिळतं. साधारण तीन मीटर रुंद, सहा मीटर लांब, मध्यावर दोन-सव्वादोन मीटर उंच. लोखंडी पाईपचा कमानदार सांगाडा, त्यावर आत जाळी विणलेलं पॉलिथीनचं कापड, बाजूला गुंडाळून वर करायच्या खिडक्या आणि पुढे चेनचं दार. सोबतच्या माहितीपत्रकात पाईपांचे क्रमांक, नट-बोल्टांची यादी आणि जोडणीची चित्रं असतात. जोडणीचा क्रम त्यात बहुधा बरोबर दिलेला असतो. जमिनीबद्दल मात्र चार खुंट्यांचं एक चित्र आणि एखादी ओळ, एवढंच. वाऱ्याशी गाठ पडते ती नेमकी तिथेच. म्हणून या लेखातही जमिनीला आणि सांगाड्याला जास्त जागा दिली आहे आणि कापडाला कमी. तुम्हीही तुमचा वेळ त्याच हिशेबाने वाटावा असं मला मनापासून वाटतं.

खोका आला की पहिलं काम वजनाचं. सगळे पाईप बाहेर काढा, यादीशी ताडून पाहा आणि एक पाईप वजनकाट्यावर ठेवा. २५ मिलिमीटर व्यासाच्या पाईपची भिंत १ मिलिमीटर जाडीची असेल, तर मीटरला साधारण ६०० ग्रॅम भरतात. तोच पाईप २ मिलिमीटर जाडीचा असेल तर १ किलो १०० ग्रॅमच्या पुढे. पाईप मीटरला अर्धा किलोसुद्धा भरत नसेल, तर तो सांगाडा आपल्या मोकळ्या माळावरच्या वाऱ्यासाठी नाही. तो परत करावा, नाहीतर तीन बाजूंनी भिंतीचा आडोसा असलेल्या जागीच लावावा. मग पाईपच्या तोंडात डोकावून पाहा. आतून जस्ताचा मुलामा दिसला पाहिजे. बाहेरून हिरवा रंग आणि आत काळं लोखंड असेल, तर कोकणातल्या खाऱ्या हवेत तो पाईप आतून गंजत जातो आणि बाहेरून कळतही नाही. कापलेली टोकं आणि भोकांच्या कडा जोडणीआधीच झिंक प्रायमरने रंगवून घ्या. नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

आता हे किट आपल्या हवेसाठी आहे का, हा प्रश्न. अशा किटची मूळ कल्पना थंड देशांतली आहे: बाहेर गारठा असताना आत ऊब धरून ठेवायची. आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणीची थंडी किंवा नाशिक-निफाडकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सोडल्या, तर ऊब कोंडण्याची गरज फारशी पडत नाही. आपली गरज दोन प्रकारची. कोकणात आणि घाटमाथ्यावर रोपांना पावसाच्या माऱ्यापासून वाचवायचं, आणि देशावर, मराठवाड्यात, विदर्भात फेब्रुवारीपासून जूनपर्यंत उन्हापासून. पॉलिथीनचं कापड पावसाला उत्तम. पण तेच कापड एप्रिलच्या दुपारी वर असेल आणि खिडक्या बंद असतील, तर आतली कोवळी रोपं एका दुपारीत करपतात. त्यामुळे सांगाडा कायमचा आणि आच्छादन ऋतूप्रमाणे, असं धोरण ठेवा. किटसोबत आलेलं कापड पावसाळ्यात आणि कडक थंडीत. उन्हाळ्यात ते उतरवून त्याच सांगाड्यावर शेडनेट. पालेभाज्या आणि रोपवाटिकेसाठी ५० टक्के सावलीची जाळी चालते, टोमॅटो-ढोबळी मिरचीसाठी ३५ ते ५० टक्के, अँथुरियम-ऑर्किडसारख्या सावलीतल्या झाडांसाठी ७५ टक्के. शेडनेटसाठी आय.एस. १६००८ हे भारतीय मानक आहे. पट्टी धाग्याच्या आणि गोल धाग्याच्या जाळीसाठी त्याचे वेगवेगळे भाग आहेत. दुकानात नुसती 'हिरवी नेट' मागू नका. टक्केवारी, धाग्याचा प्रकार आणि अतिनील किरणांना टिकण्याची हमी, या तीन गोष्टी विचारा.

जागा

जागेला दिवसाचे निदान सहा तास ऊन मिळालं पाहिजे आणि पावसाचं पाणी तिथे साचता कामा नये. जवळ नारळ, आंबा किंवा सुबाभूळ असेल, तर त्याची फांदी तुटून कुठे पडेल ते आधी पाहा. नारळाची झावळी कापडातून थेट आरपार जाते. वरून विजेची तार जात असेल तर ती जागा सोडूनच द्या. सहा मीटरचा पाईप उभा करताना त्याचं टोक कुठे जाईल याचा अंदाज राहत नाही.

पावसाळ्यातला आपला वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो. म्हणून हरितगृहाची आखूड, तीन मीटरची बाजू त्या वाऱ्यासमोर ठेवावी आणि दार पूर्वेकडच्या आखूड बाजूला घ्यावं. लांब बाजू वाऱ्याला दिली की दुप्पट कापड त्याच्या तोंडी दिलं. एप्रिल-मेच्या वळवाचा वारा मात्र कुठूनही येतो, आणि आपल्याकडच्या बऱ्याच भागात तो पूर्वेकडूनच उठतो. म्हणून एका बाजूचा बंदोबस्त केला की काम झालं, असं धरू नका.

वारा किती ओढतो हे आकड्यांत पाहिलं की पायांसाठी खड्डे खणायचा कंटाळा येत नाही. वाऱ्याचा दाब काढायचं साधं सूत्र आय.एस. ८७५ या मानकाच्या तिसऱ्या भागात आहे: वेग मीटर प्रतिसेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. दाब आला २४० न्यूटन, म्हणजे दर चौरस मीटरला जवळजवळ २४ किलो. आपलं छत १८ चौरस मीटरचं. हा सगळा दाब छताला वर उचलू लागला तर सव्वाचारशे-साडेचारशे किलोंची ओढ बसते. वळवाच्या वावटळीत असा वेग गाठायला वेळ लागत नाही. त्याच मानकात इमारतींसाठी पुण्याला आणि नाशिकला ३९, तर मुंबईला आणि नागपूरला ४४ मीटर प्रतिसेकंद हा वाऱ्याचा मूलभूत वेग धरलेला आहे. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ३९ च्या वेगाला ही ओढ दीड टनाच्या वर जाते. कापड चढवलेला सांगाडा हे उभं केलेलं शीडच आहे. माहितीपत्रकातल्या चार खुंट्या त्याला धरू शकत नाहीत.

खड्डे

सहा मीटरच्या दोन्ही लांब बाजूंना दर दोन मीटरवर एक, असे आठ पाय येतात. साडेचारशे किलो आठांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ५५ किलो. एक फूट व्यासाचा आणि दीड फूट खोल खड्डा काँक्रीटने भरला तर त्या ठोकळ्याचंच वजन ८० किलोंच्या आसपास होतं, आणि भोवतालच्या मातीची पकड वेगळी. यापेक्षा लहान खड्डा घेऊ नका.

आखणीआधी किटची खालची चौकट आणि दोन कमानी जमिनीवर सैलसर जोडून प्रत्यक्ष माप घ्या. खोक्यावर लिहिलेलं तीन मीटर हे पाईपच्या बाहेरून आहे, मध्यातून आहे की ढोबळ आहे, हे तेव्हाच कळतं. मग लाइनदोरी लावून चौकोन आखा आणि दोन्ही कर्ण मोजा. तीन बाय सहाचा कर्ण ६ मीटर ७१ सेंटिमीटर येतो. दोन्ही कर्ण सेंटिमीटरभराच्या आत जुळेपर्यंत खुंट्या सरकवत राहा. या टप्प्यावर अर्धा दिवस गेला तरी हरकत नाही. चौकोन जरा जरी तिरका राहिला, तर त्याची भरपाई शेवटी कापडाला करावी लागते: एका कोपऱ्यात ते तणावतं, समोरच्या कोपऱ्यात लोंबतं आणि दाराची चेन कधीच नीट लागत नाही. कर्ण जुळले की फक्कीने खुणा करा आणि गवंड्याकडची पाण्याची लेव्हल ट्यूब घेऊन आठही जागांची पातळी काढा.

मातीप्रमाणे खड्डा बदलतो. मुरमाची जमीन सगळ्यात सोयीची. पहार लागते, पण खड्ड्याच्या भिंती ढासळत नाहीत. जांभ्यावर खोल जाणं कठीण, तिथे चिऱ्यात भोक पाडून अँकर बोल्ट घालावे लागतात, आणि हे काम ड्रिलवाल्याकडूनच करून घ्यावं. काळ्या जमिनीत सगळ्यात जास्त काळजी हवी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ खड्ड्यातला ठोकळा दातासारखा सैल करते. दोन-अडीच फुटांत मुरूम लागत असेल तर तिथवर जा. खड्डा तोंडाशी अरुंद आणि बुडाशी रुंद ठेवा, म्हणजे वर ओढला जाताना ठोकळा मातीत अडकतो. नुकत्या टाकलेल्या भरावावर मात्र हरितगृह उभारूच नये. भराव एक पावसाळा बसू द्यावा.

सांगाड्याचे पाय थेट काँक्रीटमध्ये गाडू नका. हार्डवेअरच्या दुकानातून किटच्या पाईपमध्ये जेमतेम सरकेल किंवा ज्यात किटचा पाईप सरकेल अशा मापाचे जीआय पाईपचे दोन-अडीच फुटी तुकडे कापून आणा. पॉलिहाऊसच्या कामात याला फाउंडेशन पाईप म्हणतात. तुकड्याच्या खालच्या टोकाशी आरपार भोक पाडून त्यात वीतभर सळई आडवी घाला. ही सळईच काँक्रीटमधून पाईप निसटू देत नाही. तिच्याविना गुळगुळीत पाईप काही वर्षांनी गोल फिरू लागतो. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी, पाणी बेताचं. पाईप ओळंब्यात धरून खड्डा भरा, आणि काँक्रीटचा माथा जमिनीच्या दोन बोटं वर, बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा. पाईपच्या बुंध्याशी पाणी थांबलं की गंज तिथूनच सुरू होतो. वर ओलं गोणपाट घालून सात दिवस पाणी मारा आणि तेवढे दिवस सांगाड्याला हात लावू नका. किट आणल्या आठवड्यातच रोपं लावायची घाई असते, हे मला माहीत आहे. तरीही हे सात दिवस द्याच.

सांगाडा

एम-६ च्या बोल्टला १० नंबरचा पाना लागतो, एम-८ ला १३ नंबरचा. दोन-दोन पाने, रबरी हातोडा, लेव्हल आणि भक्कम घोडा एवढ्यावर काम होतं. हाताखाली निदान तीन माणसं हवीत, कारण कमान उभी करताना दोघांनी पाय धरायचे आणि तिसऱ्याने बोल्ट घालायचा.

सगळे बोल्ट आधी हातानेच फिरवून बसवा. पहिलीच कमान पान्याने आवळली, तर पुढच्या कमानीची भोकं जुळत नाहीत, मग ती ओढूनताणून जुळवली जातात आणि सांगाड्यात पीळ राहतो. आठही पाय, चारही कमानी आणि माथ्याचा आडवा पाईप जागेवर आले की पुन्हा कर्ण मोजा, कमानींची उंची दोरीने एका रेषेत आहे का पाहा, आणि मगच खालून वर या क्रमाने आवळत जा. बोल्टचं डोकं बाहेर आणि नट आत ठेवा. बाहेर आलेलं बोल्टचं टोक म्हणजे कापडाला पडणारं पहिलं छिद्र.

स्वस्त किटमध्ये तिरपे आधार बहुधा नसतात, आणि ते नसतील तर स्वतः घालावेतच. दोन्ही टोकांच्या कमानींपासून शेजारच्या कमानीच्या पायापर्यंत, दोन्ही बाजूंना, एकेक तिरपा पाईप सॅडल क्लॅम्पने बसवा. आधी सांगाडा हाताने ढकलून पाहा आणि आधार घातल्यावर पुन्हा ढकला. पहिल्यांदा तो पत्त्यांच्या घरासारखा लांबीच्या दिशेने झुकेल, दुसऱ्यांदा जागचा हलणार नाही. पाचशे-हजार रुपयांच्या पाईपात एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

पावसाळ्यात वापर करणार असाल, तर दोन कमानींच्या मधल्या छताकडे पाहा. दोन मीटरच्या पट्ट्यात कापड सैल पडलं की पाणी साचून पोट सुटतं. एक चौरस मीटरवर पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे ५० किलो, आणि साचलेलं पाणी आणखी पाणी ओढून घेतं. माथ्याच्या दोन्ही बाजूंना लांबीच्या दिशेने एकेक आडवा पाईप किंवा ताणलेली जीआय तार टाकली की हा त्रास संपतो.

कापड

कापडाला उन्हाइतकाच तापलेल्या पाईपचा त्रास होतो. जिथे ते पाईपला टेकतं, तिथेच ते आधी ठिसूळ होतं. म्हणून कमानींच्या बाहेरच्या अंगाला पांढरी फोमची पट्टी चिकटवा किंवा पाण्यात मिसळणारा पांढरा रंग द्या आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या रंगावर कापड चढवू नका. पीव्हीसी पाईपही कापडाला टेकू देऊ नका. त्याच्या संपर्कात पॉलिथीन लवकर खराब होतं. आधारासाठी घरात पडलेले पीव्हीसी पाईप वापरायचा मोह म्हणूनच टाळावा. गंधक आणि क्लोरीनयुक्त औषधांच्या फवारणीनेही पॉलिथीनचं आयुष्य घटतं, तेव्हा आत गंधक मारायचंच असेल तर कापडावर उडणार नाही असं मारा.

चढवायची वेळ सकाळची, ऊन पडल्यानंतरची आणि वारा उठण्याआधीची. आपल्याकडे साधारण नऊ ते अकरा. भल्या पहाटेच्या गारव्यात घट्ट ताणलेलं कापड दुपारी सैल पडून फडफडतं, आणि फडफड म्हणजे झीज. भर दुपारी तापलेलं कापड कमाल ताणलं तर रात्री आकसताना शिवण उसवते. उन्हाने जरा मऊ झालेलं कापड हाताखाली नीट बसतं.

अतिनील संरक्षणाची बाजू कोणती ते कडेवर छापलेलं असतं, ती बाहेर. कापड जमिनीवर फरफटवू नका, खडीने त्याला सुया टोचल्यासारखी छिद्रं पडतात. चार माणसांनी चार कोपरे धरून, एका लांब बाजूने घडी उलगडत माथ्यावरून पलीकडे न्यावं. आधी मधली शिवण माथ्याच्या पाईपवर आणा, मग दोन्ही टोकं, मग बाजू. दोऱ्या किंवा वेल्क्रो एका बाजूला एक, समोर एक, असं आळीपाळीने आवळत जा. दाराची चेन या सगळ्या वेळात पूर्ण बंद ठेवा. चेन उघडी ठेवून पुढची भिंत ताणली, तर नंतर तिचे दात समोरासमोर येत नाहीत आणि आठवडाभरात स्लायडर निघून येतो. चेनवर मेणबत्ती घासली की ती धुळीतही सरकते.

कापडाच्या खालच्या कडेला जादा पट्टा असेल, तर भोवती फूटभर खोल चर खणून तो त्यात सोडा आणि माती घालून दाबा. वारा खालून आत शिरत नाही, घुशी-उंदरांनाही अटकाव होतो. पट्टा नसेल तर किटच्या नुसत्या खुंट्यांवर न थांबता खालची कड पाईपला प्रोफाइल आणि झिगझॅग स्प्रिंगने बसवा. कोणत्याही शेडनेट-पॉलिहाऊसचं साहित्य विकणाऱ्याकडे ही पट्टी मीटरवर मिळते, आणि ऋतूप्रमाणे आच्छादन बदलायचं तर हीच सगळ्यात सोयीची. शेडनेटचं माप घेताना कमानीवरून जमिनीपासून जमिनीपर्यंत दोरी टाका आणि दोन्हीकडे फूटभर जास्त धरा.

खिडक्यांना किड्यांसाठी जाळी लावायची झाली, तर पांढऱ्या माशीसाठी निदान ४० मेशची इन्सेक्ट नेट हवी. मात्र बारीक जाळीतून हवा कमी खेळते, म्हणून खिडक्यांचं क्षेत्र वाढवावं लागतं. उघडता येणारी जागा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान २० ते ३० टक्के असावी. आपल्या अठरा चौरस मीटरला चार ते साडेपाच चौरस मीटर. बऱ्याच किटमध्ये ती एवढी नसते. तेव्हा दोन्ही लांब बाजूंचं कापड कंबरेपर्यंत गुंडाळता येईल अशी सोय करून घ्यावी.

गच्ची

गच्चीवर स्लॅबला भोकं पाडायची नाहीत, वॉटरप्रूफिंगचं काम वाया जातं. कठड्यालाही बांधायचं नाही. बरेच कठडे अर्ध्या विटेचे असतात आणि त्यांना अशी बाहेरची ओढ सोसत नाही. पायांखाली चौकट करून तिच्यावर वजन ठेवा, आणि ते वरच्याच हिशेबाने: पायामागे ६०-७० किलो तरी. पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट भरलेले डबे चालतात. वाळूच्या गोण्या उन्हाने वर्षभरात विरून फुटतात. ही वजनं तुळयांच्या आणि भिंतींच्या रेषेवर येतील अशी मांडा, आणि कुंड्या-मातीसह एकूण भार स्लॅबला पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच ठरवा. उंच इमारतीच्या गच्चीवर वारा जमिनीपेक्षा बराच जोरदार असतो. चौथ्या मजल्याच्या वर बंद कापडाचं हरितगृह लावू नये, उघड्या बाजूंची शेडनेट पुरे, असं माझं मत आहे. सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या.

नंतरची देखभाल

पहिल्या मोठ्या वाऱ्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नवा सांगाडा बसताना ते सैल होतातच. पावसाळ्यात दर आठवड्याला दोऱ्यांचा ताण पाहा. बारीक फाट दिसली की त्याच दिवशी दोन्ही बाजूंनी पॉलिहाऊसची दुरुस्ती-टेप लावा. वाऱ्याच्या तोंडी फाट वीतभराची हातभर व्हायला एक रात्र पुरते. मार्च २०१४ सारखी गारपीट झालेल्या भागात असाल, तर कापडावर हातभर उंच वेगळी गारपीटरोधक जाळी बांधण्याचा विचार करा.

चक्रीवादळाचा इशारा आला तर कापड उतरवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा हवामान खात्याचा इशारा आधी मिळालेला होता. असा इशारा मिळाला की तीन माणसांना कापड सोडवायला पुरेसा वेळ असतो. आतली रोपं एक-दोन दिवस भिजली तरी बहुतेक सावरतात. उघड्या सांगाड्यातून वारा निघून जातो. झिगझॅग स्प्रिंगचा उपयोग इथेही कळतो, ती हाताने उपसता येते.

व्यवसाय म्हणून मोठं शेडनेट किंवा पॉलिहाऊस करायचं असेल, तर किटच्या वाटेने जाऊ नका. शासनाच्या अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि पूर्वसंमती मिळण्याआधी उभारणी सुरू केली तर अनुदान हातचं जातं. तळेगाव दाभाडे इथल्या राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत हरितगृहाची प्रशिक्षणं होतात. पैसे गुंतवण्याआधी तिथे जाऊन यावं.

उन्हाळ्यासाठी कापड उतरवताना ते साबणाच्या पाण्याने धुवा, सावलीत दोन्ही बाजूंनी वाळवा आणि जुन्या चादरीत सैल गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवा. उंदीर पॉलिथीनची घडी कुरतडतात आणि एका घडीत दहा ठिकाणी भोकं पडतात. पेटीवर कापड विकत घेतल्याचं वर्ष आणि पुढची बाजू कोणती हे मार्करने लिहून ठेवा.